स्वागत समिती, क्रमांक एक

प्रिय सुलोचनाबाई,

एवढी वर्षं तुम्हाला 'खोब्रागडे मॅडम' म्हणत आलो. आज पहिल्यांदा नावानं हाक मारतोय, तेही तुम्ही वळून बघणार नाही याची खात्री झाल्यावर. माझा स्वभाव तुम्ही ओळखून होता. धोका टळला की मी धीट होतो.

पत्र लिहायला कारण घडलं. परवा मी तुमचं नाव यादीत लिहिलं.

विद्यापीठाचं पत्र आलंय. प्रत्येक विभागानं एक दिवसाचं चर्चासत्र घ्यायचं, विषय 'संशोधनात स्त्रियांना समान संधी'. आपल्या प्राणिशास्त्र विभागाचा प्रमुख अजून मीच आहे, निवृत्तीला सात महिने उरलेत, तेव्हा समित्या मीच नेमायच्या. नेमकी वीज गेली होती. नाहीतर ऑफिसातल्या बंडूभाऊंनी संगणकातली मागची यादी काढून तारीख बदलली असती आणि मला दोष यंत्रावर ढकलता आला असता. पण मी कोरा कागद घेतला, वर लिहिलं 'स्वागत समिती', आणि त्याखाली, क्रमांक एक: डॉ. सुलोचना खोब्रागडे. पेन कुठे अडखळलं नाही. खाली सही केली आणि चहा प्यायलो.

तुम्हाला जाऊन चार महिने झालेत. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मीच बोललो होतो. बोलताना आवाज भरून आला म्हणून कुणीतरी मला पाणीही आणून दिलं होतं.

बंडूभाऊंनी कागद वाचला, परत माझ्यासमोर ठेवला आणि तुमच्या नावावर बोट ठेवलं.

"सर, मॅडम त गेल्या ना."

मी चष्मा पुसून ते नाव पुन्हा वाचलं.

"होते सर असं," ते म्हणाले. "आदत हाये."

आदत. शब्द बरोबर होता. पण सवय कुणाची, आणि तिच्यापायी झिजलं कोण?

आपण दोघं एकाच महिन्यात रुजू झालो. निवड यादीत तुम्ही पहिल्या आणि मी दुसरा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही, पण तुमचं न सांगणं मोठेपणाचं होतं आणि माझं सोयीचं. पहिल्याच आठवड्यात तेव्हाचे विभागप्रमुख तुमच्याकडे बघून म्हणाले, "मॅडम आल्या, आता स्वागताची चिंता मिटली." सगळे हसले. मीही हसलो. तुम्हीसुद्धा थोडंसं हसलात, नव्या नोकरीत माणूस हसतोच.

त्या दिवसापासून शाल, नारळ, रांगोळी, ताट सगळं तुमच्याकडे. पाहुण्यांच्या सौभाग्यवतींना बाजारात नेऊन आणणंही तुमच्याकडे. पुढे मी प्रमुख झालो. मला ते एका ओळीत बदलता आलं असतं. मी काय केलं? "मॅडमसारखं कुणाला जमतं का?" असं भर सभेत म्हणायला लागलो. तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून मी तुमच्याकडून वर्षानुवर्षं रांगोळ्या काढून घेतल्या, आणि वर आपण एका बाईचं कौतुक करतो म्हणून स्वतःवर खूश राहिलो.

तुमच्यावर माझा एक राग होता. यांनी एकदा तरी तोंड उघडून 'नाही' म्हणायचं होतं, असं मला वाटायचं. पण तो रागही खोटाच. तुम्ही म्हणाला होता.

कुंकवाच्या ताटाची गोष्ट आठवते? तुम्ही माझ्या खोलीत आलात, दार लोटलंत आणि म्हणालात, "सर, आमच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून औक्षणाचं ताट नाई. माह्या आजीनं सोडलं ते सोडलं. जे मी घरी हातात धरत नाई, ते इथी काऊन धरू?"

मी म्हणालो, "अहो मॅडम, त्यात धर्माचं काय? कार्यक्रमाची शोभा असते ती."

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलंत आणि गेलात. पुढच्या कार्यक्रमाला ताट होतं, पण त्यात कुंकू नव्हतं, दिवा नव्हता. फुलं आणि ओंजळभर धान. प्रमुख पाहुणे सवयीनं कपाळ पुढे करून वाकले. तुम्ही त्यांच्या हातात फूल दिलंत आणि "या सर" म्हणालात. बिचारे कितीतरी वेळ तसेच वाकून उभे होते. ही गोष्ट मी नंतर किती ठिकाणी रंगवून सांगितली असेन. तुम्ही नकार दिला होता, सुलोचनाबाई, आणि मी त्याचा किस्सा केला.

तुमचा खरा जीव होता तो तलावांत. रविवारी तुम्ही स्कूटर काढायच्या आणि मूल-सिंदेवाहीकडच्या मामा तलावांवर जायच्या. माजी मालगुजारांचे म्हणून 'मामा', असे ते तलाव, गावोगाव. तिथं काठाच्या गुडघाभर पाण्यात ढिवरांच्या बाया टोपल्या घेऊन बोटभर मासोळ्या आणि झिंगे धरायच्या, आणि तुम्ही साडी खोचून त्यांच्यात उभ्या. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत तुम्ही मला सगळं सांगायच्या. काठावरचं गवत गेलं, बेशरमाची झुडपं माजली, मोठ्या माशांचं बीज सोडलं, तसतशी कुठल्या गावात कुठली मासोळी दिसेनाशी झाली. कमलाबाई नावाची एक ढिवरीण तुम्हाला भेटली होती. शाळेत गेलेली नव्हती, पण मासोळी टोपलीतून उचलायच्या आधी तिचं नाव सांगायची. तिचं एक बोलणं तुम्ही मला हसत सांगितलं होतं: "खोल पान्यातली मासोळी ठेक्याची. काठावरली कोणाचीच नाई, म्हून ते बायांची."

मी म्हणालो होतो, "मॅडम, यावर लिहा."

तुम्ही लिहिलं. चौदा पानं, मराठीत, कारण कमलाबाईला वाचून दाखवायचं होतं. आपल्या विभागाच्या सर्वांत मोठ्या चर्चासत्रात तुमचा पेपर पहिल्या सत्रात, अकरा वाजता होता. भुवनेश्वरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक मुद्दाम आले होते. आणि उद्घाटनाचे मोठे पाहुणे उशीर करत होते, कारण त्यांना वाटेत मार्कंड्याचं देऊळ बघायचं होतं.

पावणेअकराला तुम्ही फाटकावर ताट घेऊन उभ्या होता. मी घाईत आलो.

"सर, माहा पेपर अकराले हाये."

"दहा मिनिटांत पोहोचताहेत मॅडम. तेवढं बघा."

"पाटील सर मोकळे हायेत. त्यायले उभं करा ना."

"मॅडम, पाटील सर ताट घेऊन बरे दिसतील का?"

"पाहून त घ्या एकदा," तुम्ही म्हणालात.

मी हसून आत गेलो. पाहुण्यांना यायला दीड तास लागला. आत सत्र सुरू करावं लागलं. तुमचं नाव आलं तेव्हा मी तुमच्या पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, 'वाचला असे समजावे', आणि पुढचं नाव पुकारलं. सभेत असं करतातच. मागच्या सभेचा वृत्तान्तही आपण वाचला असंच समजतो.

आता जे सांगतोय ते तुम्हाला अर्धंच माहीत होतं. सत्राच्या शेवटी भुवनेश्वरच्या प्राध्यापकांनी विचारलं की तलावाच्या काठच्या लहान माशांवर इकडे कुणी काम करतं का. सगळे गप्प. तुम्ही पन्नास पावलांवर उन्हात उभ्या होता. मी एखाद्या मुलाला पाठवून तुम्हाला बोलावू शकलो असतो. मी उभा राहिलो. गवत, बेशरम, माशांचं बीज, नाहीशा झालेल्या मासोळ्या, तुमचे सगळे सोमवार मी पाच मिनिटांत सांगून टाकले. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'आमच्या निरीक्षणात' म्हणत होतो. कमलाबाईचं वाक्यसुद्धा सांगितलं, 'तिथल्या बाया म्हणतात' असं म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुवनेश्वरच्या प्राध्यापकांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं.

पुढे त्यांच्या शिफारशीनं या माशांवरचा मोठा प्रकल्प मला मिळाला. त्या प्रकल्पावर मी प्राध्यापक झालो. अहवालात शेवटच्या पानावर तुमचे आभार होते, 'मोलाच्या सहकार्याबद्दल'. अहवाल तुम्ही माझ्या टेबलाशी उभ्या राहून वाचलात. मी फाइली चाळत होतो, पण एक अक्षर दिसत नव्हतं.

"सर्व बरोबर सांगतलं सर," तुम्ही म्हणालात. "एकच चूक केली. त्या मासोळ्या मी बी नाई मोजल्या. कमलाबाईनं मोजल्या. तिचं तरी नाव टाकाचं होतं."

भांडला असता तर बरं झालं असतं. मी उलट भांडलो असतो, आणि आज मला सांगायला काहीतरी असतं.

आणि दुसरी गोष्ट, जी तुम्हाला मुळीच माहीत नव्हती. तुमच्या बढतीच्या मुलाखतीला मी प्रमुख म्हणून आत बसलो होतो. तुम्ही बाहेर गेल्यावर बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी मला विचारलं, "मॅडमचं काम कसं आहे?" मला तुमचं भलंच करायचं होतं, यावर तरी विश्वास ठेवा. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "त्यांच्याशिवाय आमचा एक कार्यक्रम होत नाही. संघटनकौशल्य उत्तम." ते म्हणाले, "वा, असं माणूस विभागात हवंच." आणि फाइल मिटली. मग निकाल आला, 'संशोधनात सातत्य दिसत नाही'. तुमचे मासे, तुमचे रविवार, तुमची चौदा पानं, यातलं एकही माझ्या तोंडून निघालं नाही. ते आठवलं असतं तर ते माझ्या नावावर का आहे, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून माझं तोंड आपोआप रांगोळीकडे वळलं.

तुम्ही म्हणालात, "पुढच्या बारीले पाहू." मी मान हलवली. पुढची बारी आलीच नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मी तुम्हाला शेवटचा भेटलो. तुम्ही बारीक झाला होता, पण माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं तुम्हाला दिसलंच. उशाशी किरण मडावी बसली होती, एटापल्लीकडची, तुमच्या हाताखाली पीएचडी झालेली, आपल्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी. तुम्ही तिला पाणी आणायला बाहेर पाठवलंत आणि मला म्हणालात, "सर, एक मागते. मडावीले ताटापाशी उभी नका करू. तिले बोलाले उभी करा."

मी म्हणालो, "शब्द दिला मॅडम."

तुम्ही माझ्याकडे तसंच बघितलंत, कुंकवाच्या दिवशी बघितलं होतं तसं. विश्वास ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवत होता का?

आता परवाच्या यादीकडे परत येतो. बंडूभाऊंनी बोट ठेवलं ते पहिल्या नावावर. मी ते खोडलं आणि मनातल्या मनात जरा रडूनही घेतलं. दुपारी किरण आली. तिनं टेबलावरचा कागद उचलला. क्रमांक एकवर रेघ होती. क्रमांक दोन: डॉ. किरण मडावी. ते नाव माझ्याच हातचं होतं आणि ते मला खटकलंही नव्हतं. शेजारी त्याच दिवसाची कार्यक्रमपत्रिका होती, सत्र पहिले, वेळ अकरा, 'मामा तलावांच्या काठचे मासे', सादरकर्त्या डॉ. किरण मडावी. दोन्ही कागद सकाळपासून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते.

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. कागद जिथून उचलला तिथंच ठेवत ती म्हणाली, "मी दोन नंबरवर हाव सर. एक नंबरच्या मॅडम आल्या का मले आवाज द्या. तवा येईन मी."

आणि गेली. जाताना दार हळू लावलं, तुमच्यासारखं.

सुलोचनाबाई, मेलेल्या माणसाचं नाव यादीत लिहिणं ही चूक लोक माफ करतात. बंडूभाऊंनी लगेच केली. पण त्या पोरीचं नाव मी लिहिलं, तिथं मला आदत म्हणून सुटता येत नाही. शब्द देऊन चारच महिने झाले होते.

ती गेल्यावर मी तुमचं कपाट उघडलं. स्वागताचं कपाट. किल्लीला तुमच्या हातची चिठ्ठी अजून बांधलेली आहे, 'ताटं, शाली, समया'. मी ते कपाट कधी उघडलं नव्हतं, मला लागायचं ते सगळं बाहेरच तयार मिळायचं. ताटांच्या खाली एका पिशवीत तुमची चौदा पानं होती. वर माझी लाल शाई.

ती मी काल वाचली. पहिल्यांदा. होय, पहिल्यांदाच. सोमवारचं ऐकून मला सगळं येतं असं मी धरून चाललो होतो. निम्म्याहून जास्त मला माहीतच नव्हतं. कुठल्या महिन्यात बाया तलावात उतरत नाहीत आणि का, हे मला माहीत नव्हतं. घरातल्या लहान पोरांच्या ताटात ती मासोळी किती दिवस असते, हे तुम्ही घरोघरी बसून विचारलं होतं. माझ्या अहवालात यातलं काही नाही. तो फार उथळ अहवाल आहे, आता मला दिसतंय.

शेवटच्या पानावर आभार आहेत. आधी कमलाबाईचे, नाव, गाव सगळं लिहून. त्याखाली एक ओळ: 'आणि आमचे सहकारी वसंत सर, ज्यांनी दर सोमवारी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं.'

लक्ष देऊन ऐकलं होतं, सुलोचनाबाई. ते खरं आहे. त्याहून वाईट माझ्याबद्दल कुणी काही लिहू शकणार नाही, आणि तुम्ही ते प्रेमानं लिहिलंत.

मुलाखतीच्या खोलीतलं माझं वाक्य मला परत घेता येणार नाही. तुम्ही असता तर तुमच्यासमोर बसून सांगितलं असतं, असंही म्हणणार नाही. तुम्ही होता तेव्हा मी सांगितलं नाही. भुवनेश्वरच्या प्राध्यापकांना मात्र काल पत्र लिहिलं, त्या दिवशी मी जे बोललो ते कुणाचं होतं ते. कार्यक्रमात अकराच्या आधी तेच सगळ्यांसमोर सांगेन, दोन मिनिटांत, नंतर लगेच व्यासपीठावरून उतरेन. मग किरण आधी तुमची चौदा पानं वाचेल, तुमच्या आणि कमलाबाईच्या नावानं, आणि मग स्वतःचं काम मांडेल. तिला वेळ लागेल तेवढा लागू दे. कमलाबाईला आणायला बंडूभाऊ जाणार आहेत. तिनं विचारलं म्हणे, "मॅडम नाई त मी काऊन येऊ?" बंडूभाऊंनी सांगितलं, "मॅडमचंच वाचणार हायेत." तेव्हा कुठे हो म्हणाली.

यादी मी नव्यानं लिहिलीय. किरणला स्वतः नेऊन दाखवली. तिनं वाचली आणि कागद जवळ ठेवून घेतला. कुंकू नाही, दिवा नाही. फुलं आणि धान. ताट माझ्या हातात असेल, आणि पाटील सर माझ्या बाजूला. कसे दिसतो ते लोक एकदा पाहून घेतील.

आणि एक शब्द देतो. माझ्या शब्दाची किंमत तुम्हाला माहीत आहे, तरी देतो. या खेपेलाही पाहुणे मोठे आहेत आणि त्यांनाही मार्कंडा बघायचा आहे. अकरा वाजता दार लागेल. त्यानंतर जो कुणी येईल त्याला तुमचा पेपर संपेपर्यंत बाहेर थांबावं लागेल. त्यांना थांबवायला मी तिथंच उभा असेन, फाटकावर, उन्हात, तुम्ही उभ्या होता त्याच जागी.

तुमचा सहकारी,
वसंत
स्वागत समिती, क्रमांक एक